वाचक विचारतात: जुने नागपूर संगणकावर आणताना

घरातले जुने कागद, नकाशे, फोटो आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी ऑनलाइन जतन करण्याविषयी आम्ही प्रश्न मागवले होते. नागपूर-कामठीकडून आलेल्या प्रश्नांपैकी सात येथे घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

महाल येथून: घरातल्या लोखंडी पेटीत पणजोबांच्या वेळची मोडी कागदपत्रे, चाळीसेक फोटो आणि कापडावर चिकटवलेला तीन फुटी नकाशा आहे. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घ्यावे का?

दुकानात कागद ओढून घेणारे मशीन असेल तर अजिबात देऊ नका. घडीवर चिरलेला कागद त्या रोलरमध्ये फाटतोच. सपाट काचेचा स्कॅनर चालेल, पण तुमच्यापैकी कोणीतरी समोर उभे राहायला हवे.

त्याआधी वेळ निवडा. नागपूरच्या मे महिन्यात कागद इतका कोरडा होतो की घडी उघडताना कडकन मोडतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दमटपणात बुरशी जागी होते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पेटी उघडल्यावर पहिले काम म्हणजे कशालाही हात न लावता वरून एक फोटो घेणे. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणत्या पत्रासोबत बांधला होता, ही माहिती एकदा विस्कटली की परत मिळत नाही. मग प्रत्येक कागदाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला. बॉलपेन नको, चिकटपट्टी नको, आणि लॅमिनेशन तर कधीच नको. त्यातली उष्णता आणि प्लास्टिक कागदाला कायमचे धरून ठेवतात. गंजलेली टाचणी खेचून काढू नका, ती ज्या दिशेने गेली त्याच दिशेने हळू सरकवा. बुरशी दिसली तर तो कागद वेगळा काढा, तोंडाला मास्क लावा आणि उघड्या हवेत मऊ ब्रशने साफ करा.

कागद ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) स्कॅन करा, रंगीत. शाई काळी असली तरी रंगीतच, कारण डाग आणि शाई वेगळी ओळखता येते ती रंगामुळे. फोटो ६०० डीपीआयला. ४ बाय ६ इंचांचा फोटो यात २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि टिफ फाइल (चित्र न दाबता जसेच्या तसे ठेवणारी) सुमारे २६ एमबीची. मूळ प्रत टिफमध्येच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे, तिथे फोटो दाबून लहान केला जातो. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेले नाव, वर्ष तिथेच सापडते.

मोठ्या नकाशासाठी मोबाइल चालेल का, हे गणितावर ठरवा. १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची लांब बाजू ४००० पिक्सेलची असते. ए-फोर कागदाची लांबी ११.७ इंच, म्हणजे इंचाला साधारण ३४० पिक्सेल मिळतात, हे पुरेसे आहे. तीन फुटी नकाशा एकाच फोटोत घेतला तर इंचाला जेमतेम ११० उरतात आणि बारीक नावे वाचता येत नाहीत. म्हणून नकाशा जमिनीवर सपाट ठेवून सहा किंवा नऊ तुकड्यांत टिपा. प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचा एक तृतीयांश भाग यायला हवा, कॅमेऱ्याची उंची सारखी हवी, फ्लॅश बंद, खिडकीचा आडवा उजेड, आणि कडेला एक मोजपट्टी.

मोडी वाचता येत नाही म्हणून थांबू नका. आधी स्कॅन, मग वाचक शोधा. लिप्यंतर ओळीला ओळ ठेवा. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहा, अंदाजाने भरू नका. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या सामाईक अक्षरयादीत, जागा मिळाली, तरी बहुतेक फोनवर ती अक्षरे चौकोनच दिसतात. त्यामुळे शोधण्यासाठी देवनागरी पाठ सोबत हवाच. तारखेचे दोन रकाने करा: एकात कागदावर आहे तशी, दुसऱ्यात इंग्रजी. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तिथीला ७९. सुहूर सनात (जुन्या मराठी कागदांवरची आणखी एक कालगणना) ५९९ किंवा ६००, महिना पाहून. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची, म्हणजे शके १७३९. आपले गणित बरोबर आहे ना, हे अशा पक्क्या तारखेवर आधी तपासून घ्या.

धंतोली येथून: एक इंचाला एक मैल प्रमाणाचा जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवला. सीताबर्डीचा किल्ला अचूक बसला, पण महाल शंभरेक मीटर सरकलेला दिसतो. कुठे चुकले?

आधी शंभर मीटर म्हणजे किती ते पाहू. एक इंच = एक मैल म्हणजे १:६३,३६०. या प्रमाणात नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ३२ मीटर रुंद होते. म्हणजे ३० मीटरपर्यंतचा फरक ही नकाशाची स्वतःची मर्यादा आहे, ती कोणत्याही सॉफ्टवेअरने जाणार नाही. तुमचे शंभर मीटर मात्र कागदावर दीड मिलिमीटर होतात. त्याला कारण आहे, आणि ते शोधता येते.

सगळा नकाशा एकाच दिशेला, सारखाच सरकला असता तर संशय मापनपद्धतीवर घेतला असता. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती माप) आहेत, मोबाइलचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या मापावर. नागपूरजवळ या दोहोंत सुमारे दीडशे ते दोनशे मीटरचा फरक पडतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या नकाशांवरच्या रेखांशांत तर सुमारे अडीच मिनिटांची चूक असते, कारण तेव्हा मद्रास वेधशाळेचे जे रेखांश धरले होते ते नंतर दुरुस्त झाले. नागपूरच्या अक्षांशावर हा फरक चार किलोमीटरच्या पुढे जातो. कडेच्या समासातल्या टिपेत बहुधा त्याचा उल्लेख सापडतो. नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांच्या जाळीवरून तो बसवणाऱ्यांना हे दोन्ही फरक भोवतात; जमिनीवरच्या खुणांवरून बसवणाऱ्यांना नाही.

तुमच्याकडे एक भाग बसतो आणि दुसरा नाही. याची कारणे दोनच: चुकीची खूण, किंवा ताणलेला कागद. खुणांपासून सुरू करा. नाग नदीचे वळण धरू नका, तिचा काठ शहरात बांधून काढला आहे. तलावाचा काठ नको. पाणी वर-खाली होते आणि भर पडते. रुंद केलेल्या रस्त्याची मधली रेघ नको. नागपूर रेल्वे स्थानकाची आजची इमारत १९२५ ची आहे, त्याआधीच्या नकाशावरचे स्थानक म्हणून ती धरलीत तर चूक होणार. झिरो माइलचा खांब १९०७ चा, त्यापूर्वीच्या नकाशावर तो नसणार. किल्ल्याचे बुरूज, महालातला जुम्मा दरवाजा म्हणजे आजचे गांधी गेट, सदरमधली जुनी चर्चे, देवळांचे कळस, लोहमार्गाचा फाटा, या खुणा भरवशाच्या. बहुतेक जण तीन-चार खुणा सीताबर्डीच्या आजूबाजूला घेतात, कारण तो भाग ओळखीचा असतो, आणि मग महाल ओढला जातो. खुणा नकाशाच्या चारही कोपऱ्यांत पसरलेल्या हव्यात.

आता क्रम असा. लेअर मेनूतून जिओरेफरन्सर (नकाशा जागेवर बसवण्याचे साधन) उघडा. लक्ष्य प्रणाली ईपीएसजी ३२६४४ निवडा. ही यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी पद्धत) पट्टा ४४ उत्तर, नागपूर त्यातच येते आणि जागा मीटरमध्ये मोजता येतात. किमान बारा खुणा लावा. रूपांतर, म्हणजे नकाशा फिरवून-ताणून बसवण्याची रीत, आधी 'पॉलिनॉमियल १' ठेवा. त्याला तीन खुणा पुरतात, पण तीनच दिल्या तर चूक नेहमी शून्य दिसते आणि काहीच कळत नाही. बारा असल्या की प्रत्येक खुणेपुढे उरलेला फरक दिसतो. एखाद्याच खुणेचा फरक इतरांच्या तीन-चारपट असेल तर ती खूण चुकीच्या जागी टेकवली आहे. तपासा, नाहीतर काढा. असे करून सगळे फरक सारखे झाले, तरी एका बाजूला वाढतच जात असतील तर कापडावरचा कागद ताणला आहे. कापड उभ्या आणि आडव्या धाग्यात वेगवेगळे आकसते. अशा वेळी 'पॉलिनॉमियल २' (नकाशा थोडा वाकवणारी रीत) घ्या, त्याला किमान सहा खुणा लागतात, किंवा 'थिन प्लेट स्प्लाइन'.

या शेवटच्या पर्यायाविषयी बजावून सांगायला हवे. तो प्रत्येक खुणेवर नकाशा जबरदस्तीने आणून बसवतो, म्हणून उरलेला फरक शून्य दाखवतो, आणि चुकीची खूणही गुपचूप पोटात घालतो. म्हणून तीन-चार पक्क्या खुणा मुद्दाम बाजूला ठेवा, त्या बसवण्यात वापरू नका, आणि शेवटी त्या किती मीटरने चुकतात ते मोजा. तो आकडा नकाशासोबत लिहून प्रकाशित करा. 'सरासरी चूक ४५ मीटर' असे लिहिलेला नकाशा पुढच्या अभ्यासकाला वापरता येतो, न लिहिलेला येत नाही.

जोडीला बघण्यासाठी: सर्वेक्षण खात्याच्या पत्रकांत नागपूर ५५ ओ/४ मध्ये येते. १:२,५०,००० प्रमाणाची १९५० च्या दशकातली अमेरिकन लष्कराची भारतीय नकाशामाला टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. तिथे मात्र अर्धा मिलिमीटर म्हणजे १२५ मीटर, त्यामुळे गल्ल्या शोधू नका.

इतवारी येथून: जुन्या इमारतींची यादी एक्सेलमध्ये केली. नकाशावर चढवली तर सगळी ठिकाणे उत्तर ध्रुवाजवळ जाऊन पडली आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली.

अक्षांश-रेखांश उलटे झाले. नागपूर २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. आकडे अदलाबदल केले की ७९ उत्तर, २१ पूर्व होते आणि तिथे नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह आहे. जिओजेसन या प्रकारच्या नकाशा-फाइलमध्ये रेखांश आधी लिहितात, बाकी बऱ्याच ठिकाणी अक्षांश आधी. दोन स्वतंत्र रकाने करा आणि त्यांना नावे द्या, म्हणजे हा घोळ होत नाही. दुसरी नेहमीची चूक: २१ अंश ९ मिनिटे म्हणजे २१.०९ नव्हे. ९ ला ६० ने भागायचे, २१.१५ येते. चुकलात तर इमारत साडेसहा किलोमीटर दक्षिणेला जाते. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, तेवढ्यात एक मीटरची अचूकता मिळते.

प्रश्नचिन्हांचे कारण फाइल जतन करण्याच्या पद्धतीत आहे. 'सीएसव्ही यूटीएफ-८' (साध्या मजकुरातली, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली सारणी) हा पर्याय निवडून पुन्हा जतन करा, पण मूळ एक्सेल फाइलवरून. प्रश्नचिन्हे आलेल्या फाइलमधून अक्षरे परत येत नाहीत. यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, तिथे तारीख म्हणून बसतच नाही, आणि '३-४' असा घरक्रमांक लिहिला तर ती मात्र तारीख होते. तारखांचा आणि क्रमांकांचा सगळा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. वर्ष नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहिण्यापेक्षा दोन रकाने करा: लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा.

सदर येथून: एम्प्रेस मिल या गिरणीची जुनी हद्द ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर काढली होती. कोणीतरी ती पुसली. तक्रार कुठे करायची?

तक्रार करू नका, पुसणाऱ्याने नियम पाळला. ओपनस्ट्रीटमॅपवर आज जमिनीवर जे आहे तेच राहते, आणि त्या जागेवर आज मॉल आहे. तुमची हद्द ओपनहिस्टॉरिकलमॅप या जुन्या काळासाठीच्या नकाशावर काढा. साधने जवळपास तीच, फक्त सुरुवात आणि शेवट या तारखा आणि आधार भरावा लागतो. गिरणीची सुरुवात १ जानेवारी १८७७. हद्द गुगल मॅपवरून गिरवू नका, परवाना तशी मुभा देत नाही.

नावांविषयीही तेच पथ्य. जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव आणि गांधीसागर हे एकच ठिकाण आहे. त्याला एक क्रमांक द्या आणि तिन्ही नावे त्याखाली, आधारासह नोंदवा. इंग्रजी कागदांत नागपूर 'नागपोर' आणि कामठी 'कॅम्पटी' असे येते, त्यांचीही नोंद तिथेच करा. जुने इंग्रजी ग्रंथ शोधताना या स्पेलिंगांचा फार उपयोग होतो.

इंदोरा येथून: १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर हजर असलेल्या वस्तीतल्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. कुठून सुरुवात करावी?

उद्यापासून. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल १९४६ चे. ते आज ऐंशीच्या घरात आहे. यंत्रे गोळा करण्यात महिने घालवू नका. चांगला मोबाइल आणि कॉलरला लावायचा वायरचा माइक पुरेसा आहे.

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन बोलण्यात कॉल येतो. ध्वनी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवा. तासाला सुमारे ५२० एमबी लागते, त्यामुळे निघण्याआधी जागा मोकळी करा. आपल्याकडची खरी अडचण कूलरची आहे. त्याची घरघर नंतर गाळायला गेले की आवाजातला कसही जातो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, कूलर सुरू व्हायच्या आधी बसा. पंखाही बंद ठेवा. खोलीत गादी, पडदे असले तर आवाज घुमत नाही. एक मिनिटभर चाचणी करून लगेच ऐकून पाहा. एका बैठकीत तासापेक्षा जास्त नको. ज्येष्ठ थकतात, आणि थकवा ते बोलून दाखवत नाहीत.

सुरुवातीला मुद्रणातच तारीख, ठिकाण, उपस्थितांची नावे आणि संमती बोलून घ्या. कागदावरची संमती वेगळी, मराठीत, आणि तिच्यात पर्याय हवेत: नाव द्यायचे की नाही, आवाज ऑनलाइन ठेवायचा की फक्त लिखित पाठ, कुणाच्या हयातीत बंद ठेवायचे का, आणि पुढे मन बदलले तर कोणाला कळवायचे. घरच्या मंडळींनी परस्पर सही करणे पुरेसे नाही.

'त्या दिवशी काय वाटले?' या प्रश्नाला सगळे सारखेच उत्तर देतात. 'घरून किती वाजता निघालात, कोणत्या रस्त्याने, सोबत कोण, अंगावर काय, शिदोरीत काय, रात्री कुठे झोपलात' असे विचारा. रस्ता विचारला की ठिकाणे मिळतात, आणि ती नकाशावर येतात. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक कोणत्या वाटांनी शहरात आले याचा नकाशा केवळ अशा उत्तरांतून तयार होऊ शकतो. तो झाला तर नागपूरच्या इतिहासात मोलाची भर पडेल.

आठवणीत तारखा सरमिसळ होतात. दीक्षेचा कार्यक्रम १६ ऑक्टोबरला चंद्रपुरातही झाला होता, आणि काहींच्या आठवणीत दोन्ही एक होतात. बोलताना दुरुस्त करू नका, पाठातही बदलू नका. वेगळ्या रकान्यात टीप लिहा. आणि हयात माणसांच्या घराची नेमकी जागा नकाशावर देऊ नका. दशांशानंतर दोनच आकडे ठेवले की ठिकाण किलोमीटरभर धूसर होते, वस्ती कळते, घर कळत नाही.

कामठी येथून: १९२८ साली छापलेले मराठी पुस्तक विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या धर्तीवरचे मुक्त ग्रंथालय) आणायचे आहे. लेखक १९४९ ला वारले. चालेल?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. तुमच्या लेखकाचा मजकूर १ जानेवारी २०१० ला मुक्त झाला. प्रस्तावना दुसऱ्या कोणाची असेल तर तिचा हिशेब वेगळा. प्रस्तावनाकार १९७१ ला वारले असतील तर ती ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत वगळावी लागेल. चित्रकार आणि अनुवादक यांचेही असेच. कॉमन्सवर (विकिपीडिया-विकिस्रोताचे सामाईक फाइल-भांडार) चढवताना अमेरिकेतला हिशेबही पाहतात. तिथे जुन्या पुस्तकांना सर्वसाधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षे धरतात, तीही तुमच्या पुस्तकाची झाली.

अक्षरओळखीसाठी (स्कॅनमधली अक्षरे यंत्राने वाचणे) ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका. पान तिरके असू नये आणि शिवणीजवळ सावली पडू नये. चुकांचा मोठा वाटा तिथलाच असतो. खिळ्यांच्या छपाईत यंत्र 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ष' आणि 'प', शिवाय '१' आणि '९' यांत गोंधळते. आकडे माणसानेच तपासावेत, कारण चुकलेला शब्द वाचताना खटकतो, चुकलेले साल खटकत नाही. 'नांव', 'कांहीं' ही १९६२ च्या नियमांआधीची रूपे तशीच ठेवा. विकिस्रोतावर पान लाल (न तपासलेले), मग पिवळे (एकदा तपासलेले), मग हिरवे (दोनदा तपासलेले) होते. हिरवे करणारी व्यक्ती पहिल्या तपासनिसापेक्षा वेगळी लागते, म्हणून सोबतीला एक जण आधीच तयार ठेवा. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे निसटते. गटाने एकच तऱ्हा ठरवून घ्यावी.

प्रतापनगर येथून, महाविद्यालयीन शिक्षक: विद्यार्थ्यांसोबत वारसास्थळांचे संकेतस्थळ करतो आहोत. असे उपक्रम दोन-तीन वर्षांत बंद पडतात असे ऐकतो. का?

बहुतेकदा इतिहासाशी संबंध नसलेल्या कारणाने. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, एखाद्या हौशी विद्यार्थ्याच्या ईमेलवर घेतलेले असते. तो पदवी घेऊन पुण्याला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या न उघडलेल्या डब्यात पडते, आणि पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो. डोमेन विभागाच्या कायमच्या ईमेलवर घ्या, पासवर्ड दोन शिक्षकांकडे ठेवा. दुसरे कारण, वर्डप्रेसचे नकाशा-प्लगइन अद्ययावत न केल्याने होणारी घुसखोरी. तिसरे, गुगल मॅपची चावी (संकेतस्थळावर तो नकाशा दाखवण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक): २०१८ पासून तिला बिलिंग खाते जोडावे लागते, ज्याचे कार्ड जोडलेले असते तो गेला की नकाशा करडा पडतो.

आमचे मत स्पष्ट आहे. मूळ संग्रह म्हणजे तुमची नोंदींची सारणी आणि टिफ फाइली. संकेतस्थळ हे त्यांचे दर्शन, ते पुन्हा बांधता येते. म्हणून दोनशे-तीनशे स्थळांसाठी डेटाबेस लागणारे काही उभारू नका. एक सीएसव्ही, तिच्यावरून लीफलेट या नकाशा दाखवण्याच्या मोफत साधनाने काढलेला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आणि साधी स्थिर पाने पुरतात. गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर हे विनामूल्य राहते, संकेतस्थळ एक जीबीच्या आत ठेवावे लागते. त्यासाठी फोटो लांब बाजूला २००० पिक्सेल करून जेपेगमध्ये द्या. वस्तूंच्या तपशीलवार नोंदी, संग्रह, प्रदर्शने असे काही हवे असेल आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस कायम असेल, तरच ओमेका हे संग्रहांसाठीचे सॉफ्टवेअर घ्या.

प्रत्येक नोंदीत आधाराचा रकाना रिकामा राहू देऊ नका: कोणते पुस्तक, कोणते पान, कोणी सांगितले, कोणत्या तारखेला. विद्यार्थी हाच रकाना टाळतात, आणि पाच वर्षांनी बाकी सगळे त्याच्यावरच अवलंबून असते. फाइलींच्या तीन प्रती हव्यात, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक नागपूरबाहेर. वर्षातून एकदा हार्ड डिस्क जोडून दहा फाइली खरोखर उघडून पाहा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पाने जतन कराच, पण हलता नकाशा तिथे नीट टिकत नाही. त्यासाठी नकाशाच्या खाली तीच यादी साध्या मजकुरात छापा आणि सीएसव्ही उतरवून घेण्याचा दुवा द्या.